पाककृतीचे स्वामित्व आणि सांगणारीचे नाव

अन्न शिजवण्याच्या रीतीवर कोणाची मालकी असू शकते काय, हा प्रश्न वरवर पाहता कायद्याचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी ज्ञान, श्रम आणि दान यांच्या परस्परसंबंधाचा एक जुना तात्त्विक प्रश्न आहे, आणि गेल्या तीन शतकांत तो ज्यांच्या आयुष्यात प्रत्यक्ष उभा राहिला त्या बहुतांशी स्त्रिया होत्या. पाककृती ही कोणाचीच मालमत्ता नाही, मालकी असलीच तर ती ज्या शब्दांत लिहिली गेली त्या शब्दांची आहे, असे उत्तर आधुनिक कायद्याने या प्रश्नाला दिले आहे. हे उत्तर योग्य आहे, परंतु अपुरे आहे. कारण एखादी गोष्ट कोणाच्याही मालकीची नाही एवढे ठरले म्हणून ती ज्याच्याकडून मिळाली त्याचे ऋणही उरत नाही, असे सिद्ध होत नाही. स्वामित्व नसतानाही ऋण कसे उरते, आणि ते फेडायचे कसे, याचा विचार पाकशास्त्राच्या ग्रंथकर्त्या स्त्रियांच्या इतिहासाच्या आधारे करता येतो.

प्रथम कायद्याची भूमिका नेमकी काय आहे हे पाहिले पाहिजे. पुरणाची कृती घेतली तर तिच्यात तीन थर दिसतात. हरभऱ्याची डाळ, गूळ, वेलदोडे, जायफळ ही जिनसांची यादी हा पहिला थर होय. डाळ मऊ शिजवून कट काढावा, गूळ घालून ती आटवत न्यावी, आणि पुरणात उलथणे रोवले असता ते न कलंडता उभे राहिले म्हणजे पुरण झाले असे समजावे, ही रीत आणि ही पारख हा दुसरा थर. ही रीत एखाद्या लेखिकेने ज्या वाक्यांत, ज्या क्रमाने आणि ज्या बारकाव्यांनिशी मांडली ती मांडणी हा तिसरा थर. प्रताधिकार, म्हणजे ज्याला व्यवहारात कॉपीराइट म्हणतात तो ग्रंथकाराचा प्रती काढण्याविषयीचा हक्क, केवळ या तिसऱ्या थरापुरता असतो. पहिले दोन थर सर्वांसाठी मोकळे राहतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणात बेकर विरुद्ध सेल्डन या खटल्यात हा भेद स्पष्ट केला. तो वाद हिशेब ठेवण्याच्या एका पद्धतीविषयी होता, आणि पुस्तकावरील हक्कामुळे पुस्तकात शिकवलेल्या कलेवर हक्क मिळत नाही, असे तेथे ठरले. भारतातही आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने कल्पनेवर प्रताधिकार नसून तिच्या आविष्कारावर असतो, हेच तत्त्व स्वीकारले. विशेष म्हणजे उलथण्याची ती पारख, जिच्यावाचून यादी आणि वाक्ये दोन्ही निरुपयोगी ठरतात आणि जी चुलीपाशी पिढ्यानपिढ्यांच्या अनुभवातून सिद्ध झाली, ती नेमकी दुसऱ्या थरात मोडते, म्हणजे जे सर्वांत मोलाचे तेच मालकीच्या कक्षेबाहेर राहते.

मालकीचे समर्थन करणाऱ्या पाश्चात्त्य विचारांपैकी सर्वांत प्रभावी विचार जॉन लॉक यांचा आहे. निसर्गात जे सर्वांचे आहे त्यात मनुष्य आपले श्रम मिसळतो आणि म्हणून ते त्याचे होते, असे प्रतिपादन त्यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस केले, आणि इतरांसाठी पुरेसे व तितकेच चांगले शिल्लक राहावे अशी अटही त्याला जोडली. श्रमाचा हा निकष प्रामाणिकपणे लावला तर रीत शोधणाऱ्या, पडताळणाऱ्या आणि शिकवणाऱ्या स्त्रियांचा हक्क सर्वांत बळकट ठरावयास हवा होता. परंतु त्याच निकषामुळे एक अडचणही उभी राहते, ती अशी की पाककृतीत एका व्यक्तीचे श्रम कोठे संपतात आणि मागच्या शंभर जणींचे कोठे सुरू होतात हे सांगता येत नाही.

भारतीय परंपरेने या प्रश्नाकडे दानाच्या अंगाने पाहिले आहे. धर्मशास्त्रकारांच्या मते दान म्हणजे एखाद्या वस्तूवरील स्वतःचे स्वत्व, म्हणजे मालकीचा संबंध, निवृत्त करून तेथे दुसऱ्याचे स्वत्व उत्पन्न करणे होय. गाय दिली की ती देणाऱ्याची राहत नाही. विद्येच्या बाबतीत मात्र ही व्याख्या अडखळते, कारण शिकवणाऱ्याची विद्या शिकवल्याने त्याच्यापासून दूर जात नाही, आणि घेणाऱ्याला मिळालेली विद्या देणाऱ्याच्या वाट्यातून वजाही होत नाही. देवगिरीच्या यादवांचे मंत्री हेमाद्री यांच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या ग्रंथातील दानखंडात विद्यादानाचा विचार आला आहे, आणि तेथे ग्रंथ लिहवून देणे हाही विद्यादानाचाच प्रकार मानला आहे. पोथी हातातून जाते, विद्या जात नाही. वस्तू आणि तिच्यातील ज्ञान यांतील जो भेद आधुनिक न्यायालयांनी पुस्तक आणि कला यांच्यात केला, त्याच्या जवळ जाणारी जाणीव येथे दिसते. त्यातही अन्नविद्येला एक वेगळे वजन आहे, कारण जो केवळ स्वतःपुरते शिजवतो तो पापच खातो, असे भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे, आणि एकट्याने खाण्याचा निषेध ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातही आढळतो. जे अन्न वाटून खावयाचे, त्याची रीत कुलुपात ठेवणे या दृष्टीने धर्माला धरून होणार नाही.

तरीही, रीत सर्वांची आहे हे तत्त्व जेव्हा बाजारात उतरले तेव्हा त्याचा भार कोणी वाहिला आणि लाभ कोणाला झाला, हे पाहिल्याशिवाय त्या तत्त्वाची परीक्षा पुरी होत नाही. इंग्लंडमध्ये १७१० साली अमलात आलेल्या कायद्याने ग्रंथकाराला चौदा वर्षांचा हक्क दिला, आणि त्या मुदतीच्या अखेरीस ग्रंथकार हयात असेल तर आणखी चौदा वर्षे दिली. या कायद्याच्या छायेत हॅना ग्लास यांनी १७४७ साली ‘द आर्ट ऑफ कुकरी’ हे पुस्तक वर्गणीदारांच्या साहाय्याने काढले. मुखपृष्ठावर त्यांचे नाव नव्हते, केवळ एका स्त्रीने लिहिलेले एवढाच उल्लेख होता. पुस्तकाच्या बनावट प्रती निघू नयेत म्हणून पुढील आवृत्त्यांत पहिल्या प्रकरणाच्या आरंभी त्यांची सही छापली जाऊ लागली. परंतु १७५४ मध्ये त्यांचे दिवाळे निघाले आणि पुस्तकाचा प्रताधिकार विकावा लागला, आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षे निघत राहिलेल्या आवृत्त्यांचे उत्पन्न इतरांकडे गेले. उत्पन्नापाठोपाठ नावही हिरावले जाण्याची वेळ आली. हे पुस्तक जॉन हिल नावाच्या एका पुरुष लेखकाचे असल्याची वदंता पसरली. इंग्रज साहित्यिक सॅम्युएल जॉन्सन यांनी एका संभाषणात ती वदंता मानली नाही, परंतु त्याच संभाषणात स्त्रियांना सूत उत्तम कातता येते, पाकशास्त्राचे चांगले पुस्तक मात्र लिहिता येत नाही, असा अभिप्राय दिला. ग्लास याच खऱ्या लेखिका आहेत हे मॅडलिन होप डॉड्स या इतिहासकार स्त्रीने १९३८ साली कागदपत्रांच्या आधारे सिद्ध केले.

याच पुस्तकाची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. पहिल्या आवृत्तीतील ९७२ पाककृतींपैकी तीनशेहून अधिक पाककृती आधीच्या पुस्तकांतून, श्रेय न देता, घेतलेल्या होत्या, असे आधुनिक अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. ग्लास यांनी त्यांपैकी अनेक कृतींची भाषा घरकाम करणाऱ्या मुलींना समजेल इतकी सोपी केली आणि त्यांत स्वतःच्या अनुभवाची भर घातली, हे खरे; परंतु ज्यांच्याकडून घेतले त्यांची नावे त्यांनी दिली नाहीत. जिचे नाव हिरावले गेले तिनेच इतरांची नावे वगळली होती, यावरून दोष एका व्यक्तीचा नव्हता, नाव घेण्याची रीतच त्या व्यवहारात नव्हती, असे म्हणावे लागते.

एलिझाबेथ रॅफल्ड यांनी १७६९ मध्ये मँचेस्टर येथे काढलेल्या पुस्तकाच्या प्रतींवर स्वतःच्या हाताने सह्या केल्या आणि १७७३ मध्ये प्रताधिकार १,४०० पौंडांना विकला. मारिया रंडेल यांचे प्रकरण याहून बोलके आहे. आपल्या मुलींसाठी जमवलेल्या पाककृती आणि गृहव्यवस्थेच्या सूचना त्यांनी जॉन मरे या प्रकाशकांना मोबदला न घेता दिल्या, आणि त्यांतून निघालेले पुस्तक इतके खपले की १८१२ मध्ये लंडनमधील अल्बेमार्ल स्ट्रीटवरील प्रसिद्ध वास्तू घेताना मरे यांनी जे हक्क तारण ठेवले त्यांत या पुस्तकाचाही हक्क होता. दरम्यान रंडेल यांना १५० पौंड देण्यात आले होते. चौदा वर्षांची मुदत संपल्यावर त्यांनी पुस्तक दुसऱ्या प्रकाशकाकडे नेण्याचा प्रयत्न केला तेव्हा दोन्ही पक्ष न्यायालयात गेले. लॉर्ड चॅन्सेलर एल्डन यांनी हा हक्काचा प्रश्न आपल्या न्यायालयात निकालात न काढता दुसऱ्या न्यायालयाकडे सोपवला, आणि अखेरीस १८२३ मध्ये रंडेल यांनी २,१०० पौंड घेऊन हक्क सोडला. दान म्हणून दिलेल्या विद्येचे घेणाऱ्याने भांडवल केले, तर देणारीला काही मागण्याचा अधिकार उरतो काय, हा या खटल्यातील खरा प्रश्न होता, आणि कायद्याला त्याचे उत्तर मालमत्तेच्या भाषेतच शोधावे लागले.

एलायझा ॲक्टन यांनी १८४५ च्या आपल्या पुस्तकात प्रत्येक कृतीच्या शेवटी जिनसांची मापे आणि लागणारा वेळ वेगळा नोंदवण्याची पद्धत आणली, आणि १८५५ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत आपली पानेच्या पाने नावाचा उल्लेख न करता उचलली जात असल्याची तक्रार केली. सहा वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या इझाबेला बीटन यांच्या गृहव्यवस्थेवरील विख्यात ग्रंथातही ॲक्टन यांच्या कृती मोठ्या प्रमाणावर आल्या. बीटन यांचे नाव घरोघर झाले आणि ॲक्टन यांचे मागे पडले. स्वतः बीटन १८६५ मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी निवर्तल्या, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या पतीने तो ग्रंथ दुसऱ्या प्रकाशनसंस्थेला विकला.

या नामावळीकडे लक्षपूर्वक पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. ग्लास यांना पुस्तक निघाले त्याच वर्षी वैधव्य आले, रंडेल विधवा होत्या, ॲक्टन अविवाहित होत्या. हा केवळ योगायोग मानता येत नाही, कारण १८७० आणि १८८२ च्या कायद्यांपूर्वी इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीची जंगम मालमत्ता आणि कमाई पतीची ठरत असे, आणि म्हणून स्वतःच्या नावाने हक्क सांगणे बहुधा विधवेला किंवा अविवाहितेलाच शक्य होते. भारतीय धर्मशास्त्राचा निर्णयही या एका मुद्द्यावर फारसा वेगळा नव्हता. विज्ञानेश्वरांनी ‘मिताक्षरा’ या टीकेत स्त्रीधनाची, म्हणजे स्त्रीच्या स्वतःच्या मालमत्तेची, व्याप्ती बरीच वाढवली असली, तरी स्त्रीने शिल्पातून, अर्थात हस्तकौशल्यातून, जे धन मिळवले त्यावर पतीचे स्वामित्व असते, असे कात्यायनस्मृतीत सांगितले आहे. साहित्यिक किंवा कलात्मक कौशल्यातून विवाहितेने मिळवलेले धन तिचे स्वतःचे असल्याचे १८७४ च्या भारतीय कायद्याने मान्य केले, परंतु मूळ कायद्यातून हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख आणि जैन स्त्रिया वगळल्या होत्या. दोन्ही परंपरांनी स्त्रीच्या श्रमाला पुण्य मानले, कर्तव्य मानले, आणि त्या श्रमाचे फळ मात्र तिच्या हाती राहू दिले नाही. रीत सर्वांची आहे, हे तत्त्व अशा समाजात उच्चारले गेले की ते उदारतेचे तत्त्व राहत नाही, घेणाऱ्याच्या सोयीचे होते.

अमेरिकेतील इतिहासात हाच प्रश्न आणखी तीव्र होतो. गुलामगिरीत जन्मलेल्या ॲबी फिशर यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी आपल्या पाककृती तोंडी सांगितल्या, इतरांनी त्या उतरवून घेतल्या, आणि १८८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांचे पुस्तक त्यांच्याच नावाने निघाले. शब्द कागदावर उतरवणारा हात दुसऱ्याचा असला तरी ज्ञान सांगणारी स्त्री हीच ग्रंथाची कर्ती होय, असे त्या पुस्तकाच्या शीर्षकातच मान्य झाले, आणि म्हणून ते या इतिहासात मोलाचे आहे. फॅनी फार्मर यांच्या १८९६ च्या पुस्तकावर प्रकाशकाचा विश्वास नसल्यामुळे पहिल्या ३,००० प्रतींचा खर्च त्यांनी स्वतः सोसला, आणि त्यामुळेच प्रताधिकार त्यांच्याकडे राहून त्यांना मोठे उत्पन्न मिळाले. याउलट अर्मा रॉम्बॉवर यांनी पतीच्या मृत्यूनंतर १९३१ मध्ये ‘द जॉय ऑफ कुकिंग’ स्वखर्चाने छापले, परंतु १९३६ च्या आवृत्तीच्या करारात प्रताधिकार प्रकाशकाच्या स्वाधीन केला, आणि त्यावरून पुढे दीर्घकाळ वाद चालला. दही घालून करावयाच्या पदार्थांच्या एका पुस्तकावरून झालेल्या खटल्यात अमेरिकेच्या एका अपील न्यायालयाने १९९६ साली, पाककृती म्हणजे परिणाम साधण्याच्या सूचना असल्यामुळे त्यांना संरक्षण नाही, असा निर्णय दिला. मुलांच्या जेवणात भाज्यांचा लगदा लपवून घालण्याच्या कल्पनेवरून दोन लेखिकांमध्ये झालेल्या वादातही २०१० मध्ये कल्पना मोकळी असल्याचेच ठरले.

यावर असे सुचवता येईल की मग पाककृतीलाही मालमत्तेचा दर्जा द्यावा. हा उपाय रोगापेक्षा वाईट ठरेल. उलथणे उभे राहण्याची पारख कोणा एकीची ठरली तर उरलेल्या सर्वजणी आपल्याच घरात परवानगीच्या मिंध्या होतील. आणि नोंदणी, वकील व खटले यांचा खर्च ज्यांना परवडतो त्यांच्याच हाती हा हक्क एकवटेल, ज्या स्त्रियांच्या न्यायासाठी तो मागावयाचा त्यांच्या हाती तो येणार नाही. सर्वांच्या अनुभवातून घडलेले ज्ञान एका नावावर चढवणे म्हणजे लॉक यांच्या अटीचाही भंग होय.

या कोंडीतून वाट दाखवणारा विचार पूर्वमीमांसेत, म्हणजे वेदवाक्यांच्या अर्थनिर्णयाचे शास्त्र सांगणाऱ्या दर्शनात, सापडतो. मीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय आहे, म्हणजे तो कोणाही पुरुषाने रचलेला नाही, आणि म्हणून तो कोणाचा म्हणून सांगता येत नाही. त्यावर पूर्वपक्षाने, म्हणजे विरोधी मत मांडणाऱ्या पक्षाने, असा आक्षेप घेतला की वेदशाखांना काठक, कालापक अशी माणसांवरून पडलेली नावे आहेत, तेव्हा त्या माणसांनीच त्या रचल्या असल्या पाहिजेत. मीमांसासूत्रांचे कर्ते जैमिनी यांनी याचे उत्तर असे दिले की हे नाव रचनेमुळे पडलेले नसून प्रवचनामुळे पडले आहे. कठाने ती शाखा रचली नाही, ती त्याने असामान्य रीतीने सांगितली आणि शिकवली, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. वैदिक पठणातही मंत्रापूर्वी त्याचा ऋषी, छंद आणि देवता यांचा उच्चार करण्याची रीत आहे, आणि त्या परंपरेने घोषा, अपाला, विश्ववारा अशा ऋषिकांची नावेही जपली आहेत. मंत्र कोणाचीही मालमत्ता नाही आणि तरीही तो ज्याच्या मुखातून आला त्याचे नाव घेतल्यावाचून म्हणावयाचा नाही, या दोन गोष्टी येथे एकत्र नांदतात. स्वामित्व आणि नामोच्चार ही दोन वेगळी नाती आहेत, हे या विचाराचे सार होय.

पाकविद्येच्या बाबतीत मात्र परंपरेने हे सार स्त्रियांना लागू केले नाही. शास्त्र म्हणून पाकविद्येचे श्रेय नळ आणि भीम या पुरुषांना दिले गेले, आणि स्त्रीला अन्नपूर्णा म्हणून पूज्य मानले. देण्याचे काम देवीचे आणि सांगण्याचा अधिकार राजांचा, अशी ही विभागणी झाली. मराठीतही ‘सूपशास्त्र’ या १८७५ च्या पुस्तकाचे कर्ते रामचंद्र सखाराम गुप्ते हे पुरुष होते. लक्ष्मीबाई धुरंधर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ हा ग्रंथ सिद्ध केला आणि कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० मध्ये आली, तेव्हा हा सांगण्याचा अधिकार स्त्रियांनी स्वतःच्या नावाने हाती घेतला. ‘रुचिरा’मधील पुरणपोळी कमलाबाईंनी निर्माण केली नाही, आणि त्यांची थोरवी सिद्ध करण्यासाठी तसे म्हणण्याची गरजही नाही, ज्या घरात शिकवणारी वडीलधारी स्त्री नव्हती तेथे ती रीत पोचेल इतक्या नेमकेपणाने त्यांनी ती सांगितली, आणि हे प्रवचन त्यांचे आहे. भारतीय कायद्यानुसार प्रताधिकार ग्रंथकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकत असल्यामुळे, १९९९ मध्ये निवर्तलेल्या कमलाबाईंच्या वाक्यांना २०५९ च्या अखेरपर्यंत संरक्षण राहील; त्यानंतर वाक्ये मोकळी होतील, त्यांचे नाव घेण्याचे कर्तव्य मात्र मुदतीने संपणारे नाही.

१९५७ च्या भारतीय कायद्याच्या कलम ५७ मध्ये या विचाराचा एक अंश आधीच आहे, कारण प्रताधिकार दुसऱ्याला दिल्यानंतरही कृती आपली असल्याचे सांगण्याचा ग्रंथकाराचा हक्क त्याने राखून ठेवला आहे. मालकी हस्तांतरित होते, नाव होत नाही, हे कायद्याने शब्दांच्या बाबतीत मानले. रीतीच्या आणि पारखेच्या बाबतीत ते मानण्याची जबाबदारी नीतीवर येते. यावर असा आक्षेप येईल की पाककृतीची पहिली कर्ती कोण हे शोधणे अशक्य आहे. परंतु प्रवचनाचा निकष पहिलेपणाचा दावा मागतच नाही. आपल्याला ही रीत कोणाकडून मिळाली, एवढेच तो विचारतो, आणि त्याचे उत्तर प्रत्येक लिहिणाऱ्याला ठाऊक असते. केवळ नाव घेतल्याने कोणाचे पोट भरत नाही, हा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि रंडेल व रॉम्बॉवर यांच्या अनुभवावरून त्याचे उत्तर असे मिळते की ज्ञान मोकळे असले तरी ते सांगण्याचे श्रम फुकट नाहीत, तेव्हा लेखिकेशी होणारा करार स्पष्ट, मुदतीचा आणि उत्पन्नात वाटा देणारा असला पाहिजे.

ऋषिऋण अध्ययनाने फिटते असे धर्मशास्त्र सांगते. म्हणजे विद्येचे ऋण विद्या अडवून फिटत नाही, ती शिकून पुढे दिल्याने फिटते. पाककृती मोकळी ठेवणे हे या ऋणफेडीचे अर्धे अंग आहे, आणि सांगणारीचे नाव घेणे व तिच्या श्रमाचे मोल चुकवणे हे उरलेले अर्धे. आजवर समाजाने पहिले अर्धे अंग आनंदाने पाळले, कारण त्यात घेणाऱ्याला काही द्यावे लागत नव्हते. पाकशास्त्राचे पुस्तक लिहिणाऱ्याने, छापणाऱ्याने आणि त्यावरून शिजवणाऱ्याने दुसरेही अंग पाळावे, ही मागणी औदार्याची नाही. ज्या तत्त्वाच्या आधारे पाककृती सर्वांची ठरली, त्याच तत्त्वाची ती पूर्तता आहे.